बर्फाखालचा ज्वालामुखी आणि नदीकाठचा इशारा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• ज्वालामुखीच्या उद्रेकाने हिमनदी कशी वितळते, याच्या दोन प्रमुख पद्धती स्पष्ट करता येतील.
• अशा पर्वतांवर शास्त्रज्ञ कोणत्या उपकरणांनी देखरेख ठेवतात आणि प्रत्येक उपकरण किती अवधी मिळवून देते, हे सांगता येईल.
• शास्त्रीय निरीक्षणाचे रूपांतर सामान्य माणसाला कळेल अशा इशाऱ्यात करताना भाषेची कोणती पथ्ये पाळावी लागतात, याचे विवेचन करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शास्त्रीय विषय मराठीत समजावून सांगणे हे भाषेच्या अभ्यासकाचे एक महत्त्वाचे काम आहे. त्याचा नमुना म्हणून या घटकात आपण एक असा विषय घेणार आहोत, जो वरवर पाहता आपल्यापासून फार दूरचा वाटतो. महाराष्ट्रात हिमनदी नाही आणि जागृत ज्वालामुखीही नाही. मग हा विषय का घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण पुण्याच्या मंडईपासून सुरुवात करू.

शुक्रवार पेठेतील महात्मा फुले मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ मध्ये खुली झाली. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला प्रथम ‘रे मार्केट’ म्हणत. उन्हाळ्यात या परिसरात फिरताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली गोष्ट पायाखालची. जुन्या वाड्यांची जोती, देवळांच्या पायऱ्या यांचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतील भेगांतून वर आलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराचे लेणे याच कातळात कोरलेले आहे.

दुसरी गोष्ट रसवंतिगृहाच्या दारातली. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी तेथे ठेवलेली असते. वरून पाहता ती सकाळी जशी होती तशीच दुपारीही दिसते. परंतु तिच्याखालून पाण्याचा एक ओघळ गटाराकडे वाहत असतो. लादी वितळते आहे हे आपल्याला लादीकडे पाहून कळत नाही, ओघळाकडे पाहून कळते.

काळा दगड आणि बर्फाची लादी या दोन गोष्टी मनात ठेवा. आइसलँड या देशात आजही लाव्हारसापासून असाच बेसॉल्ट घडतो आहे. आपल्या सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द ‘जिना’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. फरक इतकाच, की सह्याद्रीचा अग्नी केव्हाच विझला, तर आइसलँडमधील अग्नी धगधगतो आहे आणि त्याच्यावर शेकडो मीटर जाडीच्या बर्फाची लादी आहे.

२. ‘ज्वालामुखी’ हा शब्द काय सांगतो, काय झाकतो

‘ज्वालामुखी’ हा सुंदर सामासिक शब्द आहे. ज्याच्या मुखातून ज्वाला निघतात तो ज्वालामुखी. हा शब्द ऐकताच आपली नजर शिखराकडे जाते आणि आपण आगीची वाट पाहू लागतो. हिमाच्छादित ज्वालामुखीच्या बाबतीत मात्र हा शब्द आपली दिशाभूल करतो. तेथे माणसाला सर्वांत मोठा धोका आगीपासून नसतो. तो पाण्यापासून आणि चिखलापासून असतो. शिवाय तो शिखराजवळ नव्हे, तर कित्येक किलोमीटर दूर, नदीच्या काठी असतो.

ज्या समाजांनी हा अनुभव वारंवार घेतला, त्यांच्या भाषांत त्याला स्वतंत्र शब्द आहेत. आइसलँडच्या भाषेत बर्फाखालून अचानक सुटणाऱ्या महापुराला ‘योकुल्लोइप’ म्हणतात. ‘हिमनदी’ आणि ‘धाव’ हे त्या शब्दाचे दोन घटक आहेत. जावा बेटावरील भाषेतून आलेला ‘लाहार’ हा शब्द ज्वालामुखीच्या उतारावरून वाहत येणाऱ्या राख-दगड-चिखलाच्या प्रवाहासाठी जगभर वापरला जातो. आपल्या ‘लहर’ या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचे आहे. त्यावरून अर्थ काढू नये. मराठीत या दोन्ही घटनांसाठी रूढ शब्द नाही, परंतु ‘लोंढा’ हा आपला शब्द येथे अचूक बसतो. त्यात पाण्याचे प्रमाण, वेग आणि आवरता न येणे या तिन्ही गोष्टी सूचित होतात. म्हणून या घटकात आपण पहिल्यासाठी ‘हिमलोंढा’ आणि दुसऱ्यासाठी ‘चिखललोंढा’ असे शब्द योजू.

३. बर्फ कसा वितळतो?

बर्फ वितळविणे हे खर्चिक काम आहे. शून्य अंश सेल्सिअसच्या एक किलोग्रॅम बर्फाचे शून्य अंशाच्याच पाण्यात रूपांतर करण्यासाठी सुमारे ३ लाख ३४ हजार ज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत एक किलोग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. तापमान न वाढवता केवळ अवस्था बदलण्यात खर्च होणाऱ्या या उष्णतेला ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. सूर्य ही किंमत सावकाश चुकवतो, म्हणून हिमनद्या टिकतात. ज्वालामुखी ती एकरकमी चुकवतो.

बेसॉल्टचा शिलारस सुमारे १,२०० अंश तापमानाचा असतो. एक किलोग्रॅम शिलारस थंड होऊन दगड बनताना साधारणतः १५ ते १६ लाख ज्यूल उष्णता देतो. म्हणजे तो साडेचार किलोग्रॅमांहून अधिक बर्फ वितळवू शकतो. शिवाय दगड बर्फाच्या सुमारे तिप्पट घन असतो. त्यामुळे घनफळाच्या हिशोबात एक घनमीटर शिलारस तेरा-चौदा घनमीटर बर्फ वितळवू शकतो. प्रत्यक्षात काही उष्णता पाणी तापविण्यात आणि वाफ करण्यात जाते, म्हणून हे प्रमाण कमी भरते. तरीही छोट्या उद्रेकातून मोठा पूर का येतो, याचे मर्म या गुणोत्तरात आहे.

३.१ खालून वितळणे

उद्रेक जाड बर्फाच्या तळाशी झाला, तर वितळलेले पाणी बर्फाखाली साचते. वरचा बर्फ खचून पृष्ठभागावर खळगा पडतो. पाणी लगेच बाहेर पडतेच असे नाही. सभोवतालच्या बर्फाचा भार त्याला बांधाप्रमाणे अडवून धरतो. परंतु बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो. साचलेल्या पाण्याची पातळी एका मर्यादेपलीकडे चढली, की त्याच्या दाबाने हिमबांध तळापासून उचलला जातो आणि पाण्याला फट सापडते. वाहणारे पाणी स्वतःच्या उष्णतेने ती फट वितळवून रुंद करते. फट रुंद झाली, की अधिक पाणी येते. अधिक पाण्याने ती आणखी रुंद होते. पाणी आपली वाट आपणच मोठी करीत जाते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९९६ चा ग्याल्प उद्रेक. आइसलँडमधील वात्नायोकुत्ल या विशाल हिमटोपाखाली ३० सप्टेंबर १९९६ रोजी उद्रेक सुरू झाला. सुमारे तीस तासांत त्याने पाचशे मीटरांहून अधिक जाडीचा बर्फ भेदला. वितळलेले पाणी जवळच्याच ग्रिम्सव्होत्न या बर्फाखालच्या सरोवरात जमू लागले. शास्त्रज्ञांनी सरोवराची चढती पातळी मोजली आणि पूर येणार असे सांगितले. परंतु तो लगेच आला नाही. पाच आठवडे सगळे वाट पाहत राहिले. अखेर ५ नोव्हेंबरला हिमबांध उचलला गेला. सुमारे दोन दिवसांत तीन घन किलोमीटरांहून अधिक पाणी समुद्राकडे धावले. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही पुण्याची चारही धरणे काठोकाठ भरली, तर त्यांत सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. या लोंढ्यात त्याच्या साडेतीन पटींहून अधिक पाणी होते. घराएवढे हिमखंड वाहत आले; एक पूल नाहीसा झाला आणि दुसऱ्या लांब पुलाचा काही भाग मोडला. मात्र एकाही माणसाचा जीव गेला नाही. रस्ता आधीच बंद केलेला होता.

३.२ वरून वितळणे

दुसरी पद्धत अधिक वेगवान आहे. शिखरावरील मुखातून निघालेले तप्त राख-दगड-वायूंचे प्रवाह बर्फावरून खाली धावतात. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे : बर्फावर नुसते तप्त द्रव्य पडल्याने सगळे काही होत नाही. संथ वाहणाऱ्या लाव्हारसाच्या तळाशी गार दगडाची साय धरते आणि तीच बर्फाचे काही काळ रक्षण करते. राखेचा जाड थरही बर्फाला झाकून ठेवतो. लाकडाच्या भुशात ठेवलेली लादी दिवसभर टिकते, तसेच हे आहे. याउलट राखेचा अगदी पातळ थर बर्फाला काळवंडतो. असा बर्फ अधिक ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. परंतु खरा फरक पडतो तो ढवळण्याने. रसवंतीवाला लादीचा तुकडा फोडून चुरा करतो, तेव्हा तो चुरा रसात पाहता पाहता विरघळतो. तोच तुकडा अखंड टाकला तर बराच वेळ तरंगत राहतो. वेगाने धावणारे तप्त प्रवाह बर्फ खरवडतात, फोडतात आणि स्वतःमध्ये कालवून घेतात. म्हणून तेथे काही मिनिटांत लक्षावधी घनमीटर पाणी तयार होऊ शकते.

हे पाणी अरुंद दरीत शिरते, वाटेतील माती, राख आणि दगड उचलते आणि फुगत जाते. ओल्या काँक्रीटसारखा हा प्रवाह उगमापाशी असतो त्याच्या कित्येक पट होऊन खाली पोहोचतो. हाच चिखललोंढा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) छोट्या उद्रेकानेही मोठा पूर येऊ शकतो, याचे कारण अप्रकट उष्म्याच्या आधारे चार-पाच वाक्यांत लिहा.
(आ) राखेचा जाड थर आणि पातळ थर यांचे बर्फावरील परिणाम वेगळे का असतात?

४. अर्मेरो : ज्ञान होते, इशारा पोहोचला नाही

कोलंबिया देशातील ‘नेवादो देल रुईस’ हा ५,३०० मीटरांहून उंच ज्वालामुखी आहे. स्पॅनिश भाषेत ‘नेवादो’ म्हणजे हिमाच्छादित. म्हणजे धोक्याचे कारण पर्वताच्या नावातच होते. त्याच्या पायथ्याशी, दरीतून नदी मोकळ्या मैदानात उतरते तेथे, मुखापासून सुमारे ७४ किलोमीटरांवर अर्मेरो हे सुमारे २९ हजार वस्तीचे शहर होते. १८४५ मध्ये याच पर्वतावरून आलेल्या चिखललोंढ्याने सुमारे हजार माणसे मेली होती. त्या लोंढ्याने पसरलेल्या सुपीक मातीवरच पुढे अर्मेरो वसले.

१९८५ मध्ये पर्वत पुन्हा अस्वस्थ झाला. सप्टेंबरमधील एका लहान स्फोटाने चिखललोंढा दरीत काही अंतर वाहत आला. ऑक्टोबरमध्ये शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा तयार केला. त्यात अर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात होते. १३ नोव्हेंबरच्या दुपारी शहरावर राख पडू लागली. लोकांना शांत राहण्यास आणि घरातच थांबण्यास सांगण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास मुख्य उद्रेक झाला. तो फारसा मोठा नव्हता. शिखरावरील बर्फापैकी सुमारे दहावा हिस्साच वितळला, पण तेवढा पुरेसा होता. सुमारे अडीच तासांनी, साडेअकराच्या आसपास, लोंढा झोपलेल्या शहरात शिरला. एकूण २३ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे २० हजार एकट्या अर्मेरोतील होती.

‘घरातच थांबा’ ही सूचना राखेच्या दृष्टीने योग्य होती. लोंढ्याच्या दृष्टीने ती प्राणघातक ठरली. सांगणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या मनात ज्वालामुखी म्हणजे वरून पडणारे काहीतरी, हेच चित्र होते. नदीकडे पाहण्याची गरज होती. लोक आकाशाकडे पाहत होते. शहराजवळच्या उंचवट्यांवर चालत जाण्यास अडीच तास पुरेसे होते.

या घटनेनंतर, १९८६ मध्ये, अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या सहभागाने एक कायमस्वरूपी पथक उभारण्यात आले. कोणत्याही देशाने मागणी केल्यास उपकरणे घेऊन त्याच्या ज्वालामुखीवर देखरेख करण्यास मदत करणे, हे या पथकाचे काम आहे.

५. शास्त्रज्ञ देखरेख कशी ठेवतात?

देखरेखीच्या उपकरणांची नुसती यादी पाठ करण्यापेक्षा ती कोणत्या प्रश्नांची उत्तरे देतात, हे लक्षात ठेवावे. प्रश्न पाच आहेत. पहिल्यापासून पाचव्याकडे जाताना निश्चिती वाढते आणि हाताशी असलेला वेळ घटतो.

पहिला प्रश्न : शिलारस हलतो आहे काय? खडक फोडत वर सरकणारा शिलारस लहान-लहान भूकंप घडवितो. ते भूकंपमापकांवर उमटतात. जमीन फुगते; ती काही मिलिमीटरांनी जरी उचलली गेली, तरी उपग्रहांच्या साहाय्याने स्थान मोजणारी यंत्रे आणि कलमापके ते टिपतात. गंधक डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड या वायूंचे प्रमाण बदलते. या खुणा महिने, आठवडे किंवा केवळ काही तास आधी दिसतात.

दुसरा प्रश्न : बर्फ वितळतो आहे काय? विमानातील रडारने हिमपृष्ठाची उंची वरचेवर मोजली, की नवे खळगे आणि त्यांची वाढती खोली कळते. उपग्रहातील रडारला ढग आणि रात्र यांचा अडथळा होत नाही. ध्रुवाजवळच्या लांब हिवाळ्यात ही सोय मोलाची ठरते.

तिसरा प्रश्न : पाणी कोठे आणि किती साचले आहे? ग्रिम्सव्होत्न सरोवरावरील बर्फात स्थानमापक यंत्र रोवतात. सरोवर भरते तसा बर्फ वर उचलला जातो आणि त्याबरोबर यंत्रही. बर्फ एकाएकी खाली बसू लागला, तर पाणी निसटू लागले असे समजावे. ते पाणी हिमनदीच्या टोकाशी दिसण्यापूर्वीच ही बातमी मिळते.

चौथा प्रश्न : नदीत काय बदलले? नदीतील मापके पातळीबरोबरच पाण्याची विद्युतवाहकताही मोजतात. ज्वालामुखीच्या सान्निध्यात तापलेल्या पाण्यात क्षार अधिक विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज अधिक सहज वाहते. नदी फुगण्याआधीच वाहकता वाढू शकते. नदीला गंधकाचा वास येऊ लागणे, ही आइसलँडमधील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ओळखलेली खूणही याच जातीची आहे. रसवंतीच्या दारातला ओघळ तुम्हाला येथे आठवेल : लादीचे हाल ओघळ सांगतो.

पाचवा प्रश्न : लोंढा कोठवर आला? चिखललोंढा वाहताना जमीन थरथरते. दरीच्या काठावर पुरलेले संवेदक ही थरथर ओळखून खालच्या गावांना संदेश देतात. अमेरिकेतील माउंट रेनियर या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या खोऱ्यांत अशी व्यवस्था आहे. येथे निश्चिती सर्वाधिक असते; वेळ मात्र मिनिटांत किंवा फार तर तासांत मोजावा लागतो.

आइसलँडमध्ये १४ एप्रिल २०१० रोजी एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीचा बर्फाखाली उद्रेक झाला. युरोपची विमानवाहतूक ठप्प करणारी राख जगाच्या लक्षात राहिली. त्याआधी घडलेली गोष्ट फारशी कोणाला आठवत नाही : भूकंपमापकांच्या नोंदींवरून धोका ओळखून सुमारे ८०० लोकांना पूरक्षेत्रातून हलविण्यात आले होते आणि पूल वाचावा म्हणून महामार्ग मुद्दाम खोदून पाण्याला वाट करून देण्यात आली होती.

६. पानशेत : आपल्या अनुभवातील लोंढा

आता पुण्याकडे परत येऊ. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने मुठा नदीवरचे, १८७९ च्या सुमारास बांधलेले खडकवासला धरणही फोडले आणि त्याच दिवशी नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. येथे ज्वालामुखी नव्हता, बर्फ नव्हता. तरीही लोंढ्याचे शास्त्र तेच होते. धरणाचा भराव खचला, पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि वाहता वाहता त्याने आपली वाट रुंद केली. बर्फाचा बांध उष्णतेने वितळतो, मातीचा बांध झिजेने वाहून जातो. एवढाच काय तो भेद.

दुसरे साम्य अधिक महत्त्वाचे आहे. आदल्या रात्री जवान धरणावर वाळूची पोती रचीत होते. म्हणजे धरण धोक्यात आहे, हे काही माणसांना ठाऊक होते. ते ज्ञान शहरातील घराघरांत वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत पोहोचले नाही. पुण्यातील वृद्ध माणसे आजही कित्येक घटनांचा काळ ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ असा सांगतात.

हिमालयातही अशाच घटना घडत आहेत. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात खडक आणि बर्फ यांचा प्रचंड कडा कोसळला. घर्षणाच्या उष्णतेने त्यातील बर्फ वाटेतच वितळून लोंढा झाला आणि दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटून तिस्ता नदीवरील चुंगथांगचे धरण वाहून गेले. म्हणून हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. ज्वालामुखी नसला, तरी उंचावर अडलेले पाणी आणि खाली वसलेले गाव ही जोडी आपल्या देशात जागोजागी आहे.

७. इशाऱ्याची भाषा

येथपर्यंतचे ज्ञान भूशास्त्राचे होते. आता भाषेच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. पुढील तीन नमुना-वाक्ये वाचा :

(अ) ‘ज्वालामुखीय हालचालींत वाढ झाली असून हिमद्रवणाची शक्यता नाकारता येत नाही.’
(आ) ‘नदीपात्रातील विसर्ग वाढविण्यात येत आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’
(इ) ‘दोन तासांत नदीला चिखलाचा लोंढा येईल. नदीकाठ आताच सोडा. शाळेमागच्या टेकडीवर चढा. पुलावर थांबू नका.’

वाक्य (अ) चुकीचे नाही. एका शास्त्रज्ञाने दुसऱ्याला ते लिहिले, तर योग्यच आहे. परंतु त्यात माणूस नाही, नदी नाही, वेळ नाही. ‘नाकारता येत नाही’ या रचनेत बोलणारा लपून राहतो. वाक्य (आ) मध्ये नागरिक आले. पण त्यांनी करायचे काय? ‘सतर्क राहावे’ हे विध्यर्थी क्रियापद अपेक्षा व्यक्त करते, कृती सांगत नाही. सतर्क माणूस अंथरुणात बसूनही सतर्क राहू शकतो. वाक्य (इ) मधील ‘सोडा’, ‘चढा’, ‘थांबू नका’ ही आज्ञार्थी रूपे आहेत. त्यांत कोणता धोका, किती वेळात, कोठून निघावे, कोठे जावे आणि काय टाळावे या पाचही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

मात्र एक गोष्ट विसरू नका. वाक्य (इ) लिहिणे हे केवळ लेखणीचे कौशल्य नव्हे. ‘दोन तासांत’ हे शब्द लिहिता यावेत म्हणून कोणीतरी दरीत संवेदक पुरलेला असतो, लोंढ्याचा वेग मोजलेला असतो, टेकडीची उंची नकाशावर तपासलेली असते. मोजमाप अपुरे असेल, तर शब्दांनी खोटी निश्चिती दाखवू नये. अशा वेळी ‘लोंढा येईलच असे नाही, पण आला तर दोनच तास मिळतील, म्हणून आता निघा’ असे प्रामाणिकपणे सांगता येते. १९९६ मध्ये आइसलँडमध्ये पूर पाच आठवडे उशिरा आला. म्हणून इशारा खोटा ठरला नाही. अनिश्चितता सांगूनही कृतीची दिशा स्पष्ट ठेवता येते, हे त्यातून शिकावे.

आकड्यांचेही असेच आहे. ‘इतके हजार क्युसेक’ हा आकडा अभियंत्याला पुष्कळ सांगतो. नदीकाठच्या घरातील आजींना तो काहीच सांगत नाही. ‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ हे वाक्य मात्र पुण्यात कोणालाही कळते. आइसलँडमधील विक हे गाव काट्ला या हिमाखालच्या ज्वालामुखीच्या छायेत आहे. तेथे उंचावरील चर्चकडे धाव घेण्याचा सराव केला जातो. मापनाचे भाषांतर अशा ओळखीच्या खुणेत करणे, हा इशाऱ्याच्या भाषेचा गाभा आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) वाक्य (आ) मध्ये कोणती माहिती घालावी लागेल, म्हणजे ते परिपूर्ण इशारा होईल?
(आ) अर्मेरोतील ‘घरातच थांबा’ ही सूचना एका धोक्यासाठी योग्य आणि दुसऱ्यासाठी घातक कशी ठरली?

८. सारांश

ज्वालामुखी बर्फाला खालून किंवा वरून वितळवितो. खालून वितळलेले पाणी साचून हिमबांध उचलते आणि हिमलोंढा सुटतो. वरून धावणारे तप्त प्रवाह बर्फ फोडून, कालवून चिखललोंढा निर्माण करतात. भूकंपमापक, स्थानमापक, रडार, नदीतील वाहकता-मापके आणि दरीतील संवेदक यांच्या साहाय्याने शास्त्रज्ञ या प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर लक्ष ठेवतात. या उपकरणांनी मिळविलेला वेळ लोकांच्या उपयोगी पडावा, यासाठी इशारा त्यांच्या भाषेत, त्यांच्या परिसरातील खुणांसह आणि कृती सांगणाऱ्या क्रियापदांत द्यावा लागतो.

९. पारिभाषिक शब्द

शिलारस : भूपृष्ठाखालील वितळलेला खडक, पृष्ठावर आल्यानंतर त्यास लाव्हारस म्हणतात.
अप्रकट उष्मा : तापमान न बदलता पदार्थाची अवस्था बदलण्यासाठी लागणारी उष्णता.
हिमटोप : पर्वतमाथा किंवा पठार झाकणारे बर्फाचे विस्तीर्ण आवरण.
हिमबांध : साचलेले पाणी अडवून धरणारा बर्फाचा भाग.
विद्युतवाहकता : पाण्यातून वीज किती सहजतेने वाहते याचे माप.
संवेदक : कंप, पातळी, तापमान इत्यादी बदल टिपणारे उपकरण.

१०. स्वाध्याय

१. ग्याल्प (१९९६) आणि अर्मेरो (१९८५) या दोन घटनांची तुलना करा. एकीत जीवितहानी का टळली आणि दुसरीत का टळली नाही, ते सुमारे ३०० शब्दांत लिहा.
२. तुमच्या गावाजवळील नदी, धरण किंवा ओढा निवडा. संभाव्य पुराच्या वेळी प्रसृत करता येईल असा पाच वाक्यांचा इशारा लिहा. त्यात परिसरातील किमान दोन ओळखीच्या खुणा वापरा.
३. प्रकल्प : प्रश्न २ मध्ये लिहिलेला इशारा तुमच्या गावच्या मंडईतील किंवा आठवडे-बाजारातील तीन विक्रेत्यांना एकदाच वाचून दाखवा आणि ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारा. तिघांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ज्या वाक्यातून चुकीची कृती सुचली, ते वाक्य पुन्हा लिहा आणि केलेल्या बदलाचे कारण नोंदवा.